तीन पिढ्यांचं घर अभ्यासायचं असेल तर

दर वर्षी पावसाळा ओसरायला लागला की एम.ए., एम.एस्सी.ची मुलं सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, घेऊन यायची आणि निम्म्यांचा विषय ठरलेला: 'विभक्त कुटुंबपद्धतीचा ज्येष्ठांवर होणारा परिणाम'. सोबत चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. मानव विकास आणि कौटुंबिक संबंध हा विषय मी सातारा जिल्ह्यात निवृत्त होईपर्यंत शिकवला, आणि ही प्रश्नावली आधी बाजूला ठेवा हे सांगण्यात दर वर्षीचा पहिला तास गेला. 'माझी सून माझी काळजी घेते' या वाक्यावर, सून पडद्याआड चहा गाळत असताना, कोणती सासू 'असहमत'वर खूण करणार आहे? पाहुण्यासमोर काय बोलावं हे घरातल्या सगळ्यांना नीट कळतं, एवढंच त्या चौकटींतून सिद्ध होतं.

एका घरातल्या आजी, आई आणि नातीची (किंवा आजोबा, बाप, नातवाची) आयुष्यं शेजारी-शेजारी मांडून अभ्यास करायचा असेल, तर तो कसा करावा ते इथे लिहिते आहे. आकडेवारीच हवी असेल तर ती मोठ्या पाहण्यांतून घ्या. 'लासी' या वृद्धत्वाबद्दलच्या राष्ट्रीय पाहणीच्या 2017-18च्या पहिल्या फेरीत 45 वर्षांवरच्या सुमारे 72 हजार लोकांची माहिती आहे, आणि मुंबईच्या देवनारमधली लोकसंख्या विज्ञान संस्था ती अभ्यासकांना देते. तुमच्या पन्नास फॉर्मांनी त्यात काही भर पडत नाही. पण एका घरात चार-पाच वेळा जाऊन बसणं त्या पाहणीला जमत नाही, ते तुम्हाला जमतं. प्रबंधासाठी अशी आठ-दहा घरं पुरतात. गाईडने पन्नास मागितली तर ही आठ-दहा घरं लिहून दाखवा, मग बोला.

नातं विचारू नका, हकिगत विचारा

'मुलाशी संबंध कसे आहेत?' याला उत्तर 'बरं आहे' हेच येणार. त्याऐवजी विचारा: मागच्या खेपेला दवाखान्यात कोणी नेलं? गाडीभाडं कोणी दिलं? रात्री खाटेजवळ कोण थांबलं? डबा कोणाच्या घरून आला? डिस्चार्जनंतर पहिले आठ दिवस कुठे राहिलात? या पाच उत्तरांत पाच वेगवेगळी माणसं निघतात, आणि त्यातलं एक नाव असं असतं की जे मघाशी कुटुंबाची यादी सांगताना आलंच नव्हतं. बहुतेक वेळा ती लग्न होऊन गेलेली मुलगी असते.

हा माझा हट्ट नाही, त्याला आधार आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73मध्ये जन्मलेल्या 1037 मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. ती मुलं 18 वर्षांची झाल्यावर संशोधकांनी त्यांना लहानपणाबद्दल विचारलं आणि उत्तरं त्या-त्या वयात केलेल्या नोंदींशी ताडून पाहिली. 1994 साली निष्कर्ष छापून आला. किती वेळा घर बदललं, उंची किती होती, वाचता कसं येत होतं, असल्या गोष्टींची आठवण बऱ्यापैकी जुळली. घरात भांडणं किती व्हायची, मन कसं असायचं, या गोष्टींची फारशी जुळली नाही. ही तर 18 वर्षांची मुलं, जेमतेम काही वर्षांपूर्वीचं सांगत होती. तुम्ही 75 वर्षांच्या बाईला विचारणार आहात की नव्या नवरीला सासूने कसं वागवलं. ती सांगेल ते खोटं नसेल. पण ते आजचं सांगणं आहे, आज तिचं सुनेशी काय चाललंय त्याचा रंग त्याला चढलेला आहे. तेव्हा तिला विचारा की पहिलं बाळंतपण कुठे झालं, माहेरहून कोण न्यायला आलं, किती महिन्यांनी परत पाठवलं, आल्या-आल्या कोणतं काम हातात दिलं.

(ड्युनेडिनवाले जगात कुठेही गेलेल्या आपल्या माणसाला विमानाचं तिकीट देऊन तपासणीला बोलावतात. आमच्या मुलांना एसटीच्या तिकिटाचे पैसे मंजूर करून घ्यायला तीन सह्या लागायच्या. असो.)

साल विचारू नका

जुन्या माणसांना साल विचारलं की ती गोंधळतात, आणि तुमच्या समाधानासाठी काहीतरी ठोकून देतात. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख तर बघूच नका. अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनचा आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच घातली.

यावर उपाय म्हणजे आयुष्यपट. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी 1988मध्ये ही पद्धत नीट मांडली, आणि पुढे नेपाळच्या चितवन खोऱ्यात ती अशा माणसांसाठी बेतून घेतली गेली ज्यांचं आयुष्य तारखांनी चालत नाही. आपल्याला तीच बेतलेली उपयोगी. एक मोठा ड्रॉइंग पेपर घ्या. वर आडवी वर्षांची ओळ. वर्षांच्या खाली लगेच एक ओळ गावाच्या खुणांची. मग त्याखाली प्रत्येक विषयाला एक ओळ: कुठे राहत होते, काय काम करत होते, घरात कोण-कोण होतं, लग्न, बाळंतपणं, आजारपणं, मृत्यू, जमीन-घर-कर्ज.

सगळा जोर गावाच्या खुणांवर आहे. त्या तुम्ही घरून ठरवून नेऊ नका. पहिला दिवस पारावर किंवा देवळात बसून गावाकडूनच काढून घ्या आणि वर्तमानपत्रांतून वर्ष पक्कं करा. आमच्या भागात पहिली खूण कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967ची पहाट. पाटण तालुक्यात तर 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' असे आयुष्याचे दोन भागच आहेत. दुसरी बहात्तरचा दुष्काळ: खडी फोडायची कामं, वाटलेली सुकडी, रेशनची लाल मिलो ज्वारी. तिसरी मुंबईतल्या गिरण्यांचा संप, 1982. मग इंदिराबाई गेल्या ते 1984. त्यानंतर गावात नळ कधी आला, पहिली मुलगी एसटीने कॉलेजला कधी गेली, ऊस कारखान्याला कधी जायला लागला, या गावाच्या स्वतःच्या खुणा. 2016ची नोटाबंदी आणि 2020चं लॉकडाऊन नातवंडांसाठी. महिना हवा असेल तर सण विचारा. 'नागपंचमी झाली होती का? भात लावून झाला होता का?' याला झटकन उत्तर येतं.

एकदा एका आजींना थोरल्या मुलाचं वय सांगता येईना. शेजारी बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, भूकंपात ह्यो पाळण्यात व्हता का नव्हता?" आजी म्हणाल्या, "पाळण्यात कुठला, पोटात व्हता. म्हनून तर मला उचलून भाईर न्हेलं, न्हाय तर कोन न्हेतंय!" एका वाक्यात मुलाचं जन्मवर्ष मिळालं, आणि घरात तिची किंमत कधी व कशामुळे वाढली तेही.

बाळंतपणांची ओळ भरताना 'मुलं किती' असं विचारू नका, 'बाळंतपणं किती झाली' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला जगलेली मुलं येतात, आणि कधी-कधी फक्त मुलगे. पट भरून झाल्यावर दोन मुलांच्या मध्ये पाच-सहा वर्षांची मोकळी जागा दिसली की बोट ठेवून एवढंच म्हणा, 'इथे काय चाललं होतं?' आणि गप्प बसा. पुढचं तिच्यावर सोडा. ती 'काय न्हाय' म्हणाली तर पुढच्या ओळीवर जा. नंतरच्या एखाद्या भेटीत ती स्वतःच त्या जागेवर परत येईल, किंवा येणार नाही, आणि तोही तिचा हक्क.

एकच वर्ष, वेगवेगळी वयं

सगळ्यांचे पट झाले की ते एकाखाली एक लावा. गावाच्या एका खुणेवर उभी रेघ मारा आणि त्या रेघेवर घरातल्या प्रत्येकाचं वय लिहा. अभ्यास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो.

समजा, गिरणी कामगाराचं घर आहे. आजोबा 1940चे, आजी 1945च्या, थोरला मुलगा 1964चा, मुलगी 1969ची, धाकटा 1978चा. संप सुरू झाला 18 जानेवारी 1982ला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे हजारो जण थोड्याच महिन्यांत गावी परतले. त्या रेघेवर आजोबा 42, आजी 37, थोरला 18, मुलगी 13, धाकटा 4. आता एकेकाला विचारत जा. थोरल्याचं कॉलेज सुटलं आणि तो पुण्याला एखाद्या वर्कशॉपमध्ये लागला. मुलीची शाळा सुटली की लग्न लवकर झालं, की आई रोजाने जायला लागली म्हणून घरचं स्वयंपाकपाणी तिच्यावर पडलं? धाकट्याला संप आठवतच नाही. त्याला आठवतात ते घरी बसलेले वडील. थोरल्याच्या लेखी बाप म्हणजे महिन्याची मनिऑर्डर आणि गणपतीला येणारा नव्या कपड्यांचा माणूस. दोघा भावांचा बाप एकच, पण दोघांना मिळालेला माणूस वेगळा. हे दोघे भाऊ आज आजारी वडिलांच्या खर्चावरून भांडत असतील, तर त्याची मुळं या रेघेवर शोधा. 'विभक्त कुटुंबपद्धती' असं लिहून मोकळं होऊ नका.

ही विचारसरणी अमेरिकेतल्या ग्लेन एल्डर यांची. 1929नंतरच्या महामंदीत वाढलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या जुन्या नोंदी त्यांनी पुन्हा उलगडल्या, 1974मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ओकलंडची 167 मुलं 1920-21ची, म्हणजे मंदीत शाळकरी, कामाला हात लावू शकणारी: मुलगे बाहेर कमवायला लागले, मुली घर सांभाळायला. बर्कलीतली दुसरी तुकडी 1928-29ची, मंदीत अगदी लहान, सर्वस्वी आईबापांवर अवलंबून. घसरण दोन्हीकडे होती, पण लहान वयात ती सोसलेल्या मुलग्यांवर तिचा घाव जास्त खोल गेल्याचं पुढे एल्डर यांना दिसलं. व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, एल्डर यांचं नाव घ्याच, परीक्षक खूष होतात. पण नाव घेऊन थांबू नका, आपल्या घरातल्या रेघा दाखवा.

संपाबद्दल एक खास गोष्ट. तो सुरू कधी झाला हे सगळे सांगतात, पण तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे 'तुमच्या घरात संप कधी संपला?' हा फार मोलाचा प्रश्न आहे. कोणी सांगतं, बाबांनी गिरणीच्या गेटवर जाणं सोडलं तेव्हा. कोणी सांगतं, म्हैस घेतली तेव्हा. नवरा-बायकोची उत्तरं सहसा जुळत नाहीत. दोन्ही लिहून ठेवा.

वाटणी एका दिवसात होत नाही

'एकत्र' आणि 'विभक्त' या दोन चौकटी फॉर्मवरून काढून टाका. घर फुटतं ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्याला आपली तारीख असते. चूल कधी वेगळी झाली? रेशन कार्ड कधी वेगळं काढलं? सातबाऱ्यावर नावं कधी वेगळी लागली? दवाखान्याचा खर्च अजून निम्मा-निम्मा होतो का? देव कोणाकडे आहेत? चूल वेगळी होऊन पंधरा वर्षं झाली पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर आणि गौरी-गणपती थोरल्याकडेच, अशी घरं गावोगाव आहेत. उलट एकाच छपराखाली एकच चूल आणि कागदोपत्री तिघे वेगळे, अशीही आहेत.

यातलं बरंच कागदावर सापडतं. तलाठ्याकडे फेरफार नोंदी असतात, वारस कधी लागले, वाटप कधी झालं ते त्यावरून कळतं. तिथेच हक्कसोड पत्रांची नोंद दिसेल. महाराष्ट्राने 1994मध्ये आणि केंद्राने 2005मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांबरोबरीचा हक्क दिला, पण बहिणींनी भावांना हक्क सोडून दिल्याची सही अजून नित्याची आहे. ती कधी झाली, कोणी बोलावलं, साडी-चोळी कोणी दिली, आणि त्यानंतरच्या दिवाळीत भाऊबीजेला ती माहेरी गेली का, हे बहिणीला एकटीला विचारा. जिने सही दिली नाही तिला तर नक्की विचारा, आणि तिचं नाव कुठेही उमटू देऊ नका.

कागदांमध्ये मला सगळ्यांत आवडतो तो लग्नपत्रिकांचा गठ्ठा. जुन्या ट्रंकेत किंवा देवघराच्या फळीवर तो असतो. वर्षाप्रमाणे लावा आणि जमिनीवर पसरा. वरचे देव सोडून द्या, निमंत्रकांची नावं वाचा. 1978च्या पत्रिकेत तिन्ही काकांची नावं एकाखाली एक, वयाप्रमाणे. 1991च्या पत्रिकेत मधल्या काकांचं नाव खाली, 'समस्त परिवार'च्या जरा वर. 1996मध्ये ते नाहीच. 2009च्या पत्रिकेत काकांच्या मुलाचं नाव पुन्हा आलेलं, आणि त्यापुढे कंसात त्याचं पद. तुम्ही काही विचारायच्या आधीच बायका बोलायला लागतात. मामाचं नाव मोठ्या टाइपात आहे का, आत्याचं नाव तिच्या नवऱ्यासकट आहे का, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखाली कोणत्या पोरांची नावं आहेत आणि कोणाची राहिली, यावर दुपार निघून जाते. पत्रिका फोनवर उभ्याने फोटो काढून परत जागच्या जागी ठेवा. घरी नेऊ नका, ट्रंकेतून गेलेली वस्तू परत येत नाही हे त्या घराला माहीत असतं.

नात्यांचा तक्ता काढताना नातं पूर्ण लिहा: आतेभाऊ, मामेबहीण, चुलत सासू, साडू, विहीण. इंग्रजी फॉर्मवरचं कझिन इथे कामाचं नाही. पश्चिम महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं आणि आत्याच्या मुलीशी सहसा नाही. इरावती कर्वे यांनी 1953च्या ग्रंथात आपल्याकडच्या या रीतीची तपशिलात चर्चा केली आहे. तेव्हा सून आणि सासू या भाची आणि आत्याही असू शकतात. हे पहिल्याच भेटीत काढून घेतलं नाही तर पुढचं अर्धं बोलणं कळणार नाही.

कोणाशी, कुठे, केव्हा

घरात एकट्या माणसाची मुलाखत होत नाही, ते डोक्यातून काढा. पहिल्या भेटीत सगळे बसू द्या, सगळ्यांना बोलू द्या, पटाच्या वरच्या ओळी भरून घ्या. कोण कोणाचं वाक्य मध्येच तोडतं, कोणाकडे बघून कोण गप्प होतं, हे वहीच्या डाव्या पानावर लिहा. तोही डेटाच आहे.

आजीसाठी दुपारी दोन ते चार. हाताला काम असू द्या: शेंगा फोडायच्या असतील, मेथी निवडायची असेल, तुम्हीही बसा. हात चालू असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि माणूस मोकळा बोलतो. संध्याकाळी मालिकांच्या वेळेला जाल तर अपमान होईल आणि रेकॉर्डिंगवर दुसऱ्याच सासू-सुना ऐकू येतील.

सुनेशी तिच्या सासरी खरं बोलणं होणं कठीण. शेताच्या वाटेवर, बचत गटाच्या बैठकीनंतर, मुलाला शाळेतून आणताना. सगळ्यांत उत्तम म्हणजे ती माहेरी असताना. त्यासाठी वेगळा प्रवास करावा लागतो, करा. तिथे तिची आई शेजारी बसेल आणि दोघी मिळून अशी काही बेरीज-वजाबाकी सांगतील की सासरच्या चार भेटी फिक्या पडाव्यात.

पुरुष 'मी' म्हणत नाहीत, 'आम्ही' म्हणतात, आणि शेतीभाती, पाऊसपाणी, राजकारण यावरच राहतात. त्यांना वस्तू विचारा. पहिली सायकल, पहिला ट्रॅक्टर, पहिलं कर्ज, मुंबईची खोली आणि तिची पागडी. मुंबईच्या खानावळीत किती जण जेवायचे हे विचारलं की गावाकडच्या बायकोची आठवण कधी यायची हे आपोआप निघतं. थेट विचाराल तर हसून चहा मागवतील.

सासू-सुनेची किंवा बाप-लेकाची उत्तरं जुळली नाहीत तर आनंद माना. कॅलिफोर्नियात व्हर्न बेंग्टसन यांनी 1971पासून तीन पिढ्यांच्या शेकडो कुटुंबांचा पाठपुरावा केला. त्यात सतत दिसलं की 'आमच्यात किती जवळीक आहे' याचं उत्तर आईबाप जास्त देतात, मुलं कमी. थोरल्या पिढीची गुंतवणूक नात्यातच असते, तरुण पिढीला त्यातून थोडं सुटायचंही असतं. म्हणून दोन्ही टोकांना वेगवेगळं विचारायचं. 'आई असं म्हणाल्या' हे वाक्य मुलापुढे उच्चारायचं नाही. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत नेलंत की त्या घरातला तुमचा अभ्यास संपला, शिवाय तुम्ही निघून गेल्यावर मागे राहणाऱ्याला ते भोगावं लागतं.

संमती आणि त्याच्या पुढचं

संमतीपत्र प्रत्येकाचं स्वतंत्र. कर्त्या पुरुषाने 'विचारा की, आपलंच घर आहे' म्हटलं म्हणजे सुनेची संमती झाली असं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागतेच, आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार: 7 ते 12 वयात तोंडी, त्यापुढे लेखी. मूल 'नको' म्हणालं तर नको.

लहान मुलाला 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. हे गाईडशी आधीच बोलून ठेवा. त्या क्षणी पारावर उभं राहून विचार करायची वेळ येऊ नये. बोलता-बोलता कोणी फार खचलेलं वाटलं तर रेकॉर्डर बंद करा, बसा, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 व मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हे नंबर कागदावर लिहून द्या. तुम्ही समुपदेशक नाही, तसा आव आणू नका.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं गावात होत नाही. 'दोन मुलं मिलिटरीत, मुलगी नर्स' एवढ्यावर सगळा तालुका ओळखतो. मिलिटरीचं पोलीस करा, नर्सची शिक्षिका करा, गावाचं नाव काढा. पण जन्मक्रम आणि वयातली अंतरं बदलू नका, त्यावरच तुमचं विश्लेषण उभं आहे.

लिहून काढणं

रेकॉर्डिंग फोन एरोप्लेन मोडवर टाकून करा, नाहीतर ऐन वेळी तुमच्या आईचा फोन येतो. ज्या दिवशी मुलाखत त्याच रात्री निदान ढोबळ उतरवा. 'म्हनं', 'व्हतं', 'आमच्या ह्यांनी' जसंच्या तसं. आजीच्या तोंडी प्रमाण मराठी घातलेले प्रबंध मी पुष्कळ तपासले. त्यातल्या सगळ्या आज्या आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारख्या बोलतात, आणि कोणत्या वाक्यावर ती अडखळली हे कोणालाच कळत नाही. गप्प बसली तर '(गप्प)' असं लिहा.

विश्लेषणासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. भिंतीवर पट लावा, रंगीत पेन घ्या. पैसा कोणाकडून कोणाकडे गेला त्याला एक रंग, सेवा-शुश्रूषेला दुसरा, मुक्कामाला तिसरा. आठ-दहा घरांचे पट असे रंगवले की त्यातलं सारखेपण डोळ्यांना दिसायला लागतं: पैसा मुलाकडून येतो आणि शुश्रूषा मुलीकडून, किंवा आजी चार-चार महिने वाटून घेतली जाते आणि तिचं गाठोडं तेवढं एका घरी राहतं. मगच वाचनखोलीत जा आणि याबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते बघा. वाचन आधी लागतं हे खरं, पण ते आधी फार झालं की घरात शिरताना तुम्ही उत्तर बरोबरच घेऊन जाता.

प्रबंध बांधायला टाकण्याच्या आधी प्रत्येक घरी आयुष्यपटाची एक स्वच्छ प्रत द्या. त्यावर काय ठेवायचं आणि काय वगळायचं ते प्रत्येकाला एकेकट्याला विचारून घ्या, कारण ती प्रत शेजारणीही बघणार आहेत. मुलाखतींत कळलेलं पण चारचौघांत न बोललेलं काहीही त्यावर असता कामा नये. प्रत घरातल्या सर्वांत वयस्क बाईच्या हातात द्या. कर्त्या पुरुषाच्या हातात दिली तर ती सातबाऱ्याच्या फायलीत जाते. आणि हे व्हायवाच्या आधी करा. डिग्री मिळाल्यावर गावात परत गेलेला विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही.